घरची आणि गाडीतली प्रथमोपचार पेटी: खान्देशच्या उन्हात टिकेल अशी

तालुक्याच्या गावातल्या औषधांच्या दुकानात माझी बरीच वर्षे गेली आहेत. नवीन गाडी घेतलेला किंवा घरात बाळ आलेला माणूस काउंटरवर येतो आणि विचारतो, "भाऊ, फर्स्ट एडना डबा शे का?" तयार डबे माझ्याकडेही असतात, पण तो काढून देण्याआधी मी दोन गोष्टी विचारून घेतो: डबा राहणार कुठे, आणि वेळ आली तर तो उघडणार कोण? आपल्याकडे पहिला प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि बहुतेक औषधांच्या वेष्टनावर ती 25 किंवा 30 अंशांखाली ठेवावीत असे छापलेले असते. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आतली हवा तर बाहेरच्यापेक्षाही कितीतरी जास्त तापते.

ही गोष्ट मला पुस्तकापेक्षा लळिंग घाटात नीट समजली. धुळ्याहून मालेगावकडे जाताना आमच्या पुढची दुचाकी घसरली आणि मागे बसलेल्या बाईंच्या नडगीला चांगलीच खोल जखम झाली. मी मोठ्या विश्वासाने गाडीसोबत मिळालेली पेटी उघडली. चिकटपट्टीचा डिंक वितळून ती स्वतःच्याच गुंडाळीला चिकटली होती, मलमाची नळी फुटून सगळ्या पट्ट्यांवर तेलकट थर बसला होता आणि कात्री इतकी बोथट होती की साडीचा काठसुद्धा कापला जाईना. शेवटी बाईंच्या यजमानांच्या खांद्यावरचा बागायती रुमाल घडी करून जखमेवर दाबून धरला, आणि रक्त थांबले ते त्यानेच. घरी आल्यावर मी ती पेटी रिकामी केली आणि तेव्हापासून गाडीत एकही गोळी, एकही मलम ठेवलेले नाही. पट्टीचे सामान गाडीत राहते. औषधे घरात राहतात आणि प्रवासात हातातल्या पिशवीतून आपल्याबरोबर फिरतात. पेटी तयार करताना एवढा एक नियम पाळला, तरी निम्म्या चुका टळतात.

आधी कागद, मग खरेदी

दुकानात येण्याआधी कागदावर गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या घरात, शेतात आणि रस्त्यावर काय काय घडले ते लिहून काढावे. आमच्या भागातल्या शेतकरी कुटुंबाचा कागद साधारण सारखाच भरतो: चुलीचा किंवा तेलाचा चटका, केळीची पाने कापताना लागलेला विळा, पायात मोडलेला बाभळीचा काटा, कपाशीवर फवारणी करताना डोळ्यांत उडालेले औषध, उन्हाने आलेली चक्कर, पोराचे जुलाब, कुत्र्याचा चावा, विंचू, साप. जळगाव शहरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाचा कागद निराळा निघेल. त्यात विळा नसेल, पण आजोबांची मधुमेहाची गोळी आणि नातवाचा ताप नक्की असेल. पेटीत काय असावे हे या कागदावरून ठरवावे, डब्यावर छापलेल्या "60 वस्तू" या आकड्यावरून नव्हे. तो आकडा बहुधा लहान चिकटपट्ट्या सुट्या मोजूनच गाठलेला असतो.

डबा कसला आणि कुठे

डब्यावर फार खर्च करू नये. झाकण घट्ट बसणारा, आतले सामान बाहेरून दिसणारा, कडी असलेला प्लॅस्टिकचा डबा पुरतो. त्याला कुलूप मात्र लावू नये, कारण किल्ली हमखास दुसऱ्या माणसाच्या खिशात असते. लहान मुलाचा हात पोचणार नाही आणि मोठ्या माणसाला स्टूल घ्यावे लागणार नाही, एवढ्या उंचीवर तो ठेवावा. स्वयंपाकघराची वाफ, न्हाणीघराचा ओलावा आणि पश्चिमेच्या उन्हाने तापणारी भिंत टाळावी. ज्यांचे जुने धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर अजून उभे आहे त्यांना हा प्रश्नच पडत नाही, कारण मधल्या खोलीतला कोनाडा भर उन्हाळ्यातही थंड असतो. पत्र्याच्या घरात मात्र औषधे वरच्या फळीवर कधीही ठेवू नयेत. पत्र्याजवळची हवा सर्वांत जास्त तापते, म्हणून तिथे खालचे कपाट निवडून त्याला खिटी लावावी.

पट्टीचे सामान

पेटीचा मुख्य भाग हाच आहे आणि नवशिक्या माणसाकडून सर्वांत जास्त कसूर इथेच होते, कारण तो बोटाएवढ्या पट्ट्या वीस घेतो आणि रक्त थांबवण्याजोगे काहीच घेत नाही. चार-पाच माणसांच्या घरासाठी 10 बाय 10 सेंटिमीटरची निर्जंतुक गॉजची दहा पाकिटे, 7.5 आणि 10 सेंटिमीटर रुंदीची रोलर बँडेजे प्रत्येकी चार, 10 सेंटिमीटरचे एक क्रेप बँडेज, कागदी चिकटपट्टीचे एक रीळ, लहान चिकटपट्ट्या दहा-पंधरा, हातमोज्यांच्या चार जोड्या आणि सेफ्टी पिना एवढे घ्यावे. कापूस ठेवण्यास हरकत नाही, पण तो जखमेवर थेट लावू नये. त्याचे तंतू रक्तात चिकटून बसतात आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सोडवताना जखम पुन्हा वाहते. कापसाच्या मुलखात हे सांगावे लागते, कारण हात आधी कापसाकडेच जातो.

त्रिकोणी बँडेज विकत घेण्याची गरज नाही. एक मीटर लांब आणि तेवढेच रुंद मांजरपाटाचे कापड धुऊन, इस्त्री करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके कापले की दोन बँडेजे मिळतात. हात मोडला तर झोळी, डोके फुटले तर गॉजवर बांधायला फडके, घोटा मुरगळला तर आधार, अशी तिन्ही कामे ते करते. कात्री मात्र चांगली घ्यावी आणि ती जीन्सच्या जुन्या तुकड्यावर चालवून पाहूनच घ्यावी. काटा काढण्यासाठी टोकाशी नीट जुळणारा चिमटा लागतो. उजेडाकडे धरून मिटल्यावर त्याच्या टोकांमध्ये फट दिसत असेल, तर तो परत करावा.

हे सामान वापरण्याची रीत पेटी भरतानाच घरातल्या सर्वांना सांगून ठेवावी. रक्त वाहत असेल तर गॉजची घडी जखमेवर ठेवून तळहाताने किमान 10 मिनिटे सलग दाबावे. "थांबले का?" म्हणून मध्येच उचलून पाहिले की धरू लागलेली गुठळी निघते. घडी भिजली तर ती तशीच राहू देऊन वर दुसरी ठेवावी. हळद, चहापत्ती, राख यांपैकी काहीही खोल जखमेत भरू नये. टाके घालण्याआधी ते सगळे खरवडून काढण्यातच डॉक्टरांचा वेळ जातो आणि जखमी माणसाला त्याचा त्रास सोसावा लागतो. कडबा कुट्टीच्या यंत्रात बोट तुटल्याचे प्रसंग आमच्याकडे घडतात. अशा वेळी तुटलेला भाग ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बर्फ त्या भागाला थेट लागू देऊ नये. म्हणून पेटीत दोन स्वच्छ, तोंड बंद होणाऱ्या पिशव्या असाव्यात.

साधी खरचटलेली जखम धुण्यासाठी वाहते स्वच्छ पाणी आणि साबण सर्वांत चांगले. त्यानंतर कडेने पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक लावावे. त्याची 100 मिलीलिटरची बाटली घरी पुरते.

भाजल्यावरची पहिली वस्तू पेटीत नसते, ती माठात असते. हिवाळ्यात शेतावर तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत करण्याचा बेत आखला की कोणाचे तरी बोट पोळतेच. घरात उकळते तेल किंवा चहा सांडतो तो वेगळा. भाजलेल्या जागेवर 20 मिनिटे गार पाणी ओतत राहणे हा खरा उपचार आहे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे नळाचे पाणी स्वतःच चटका देणारे असते, तेव्हा माठातले किंवा रांजणातले पाणी घ्यावे. बांगड्या आणि अंगठ्या सूज येण्याआधी काढाव्यात. टूथपेस्ट, शाई, तूप किंवा बर्फ लावू नये, फोड फोडू नयेत, आणि पाणी ओतून झाल्यावर गॉजने सैल झाकावे. तोंड, हात किंवा गुप्तांगावर भाजले असेल, किंवा भाजलेली जागा त्या माणसाच्या तळहातापेक्षा मोठी असेल, तर दवाखाना गाठावा.

औषधे: थोडी आणि ओळखीची

घरच्या पेटीत औषधे जितकी कमी तितकी ती सुरक्षित. तापासाठी आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ठेवावे. मोठ्या माणसाला 500 मिलीग्रॅमची एक गोळी, गरज वाटल्यास 6 तासांनी दुसरी. 24 तासांत सगळे मिळून 4 ग्रॅमच्या वर कधीही जाऊ नये, आणि यकृताचा त्रास किंवा दारूची सवय असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असते, हे हिशेबात धरावे. मुलांचा डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो: किलोमागे एका वेळी 10 ते 15 मिलीग्रॅम. इथे एक सापळा आहे. एकाच रंगाच्या, जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या सिरपच्या बाटल्यांत 5 मिलीलिटरमागे कधी 120 किंवा 125, तर कधी 250 मिलीग्रॅम औषध असते. मागच्या वेळी एक चमचा दिला होता म्हणून नव्या बाटलीतूनही एक चमचा दिला, तर डोस दुप्पट होऊ शकतो. बाटली घेताना आकडा वाचून त्यावर मुलाचे वजन आणि मिलीलिटर ठळक लिहून घ्यावे, आणि दुकानदाराने घाई केली तरी आपण करू नये.

ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या मीठ-साखरेच्या पुडीची, पाच पाकिटे ठेवावीत, पण पाकिटावर किती पाण्याचे आहे ते पाहावे. मोठे, साधारण 21 ग्रॅमचे पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात मिसळायचे असते आणि लहान, साधारण 4 ग्रॅमचे 200 मिलीलिटरमध्ये. मोठे पाकीट एका पेल्यात घोळले तर ते इतके खारट आणि दाट होते की त्याने फायद्याऐवजी अपाय होतो, विशेषतः लहान मुलाला. कालवलेले द्रावण 24 तासांनी टाकून द्यावे. पाकीट संपले असेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चालते. दुकानात फळांच्या चवीची गोड पेये मिळतात, ती जुलाबावरचे औषध नव्हेत. सहा महिन्यांवरच्या मुलाला जुलाबात ओआरएसच्या जोडीने रोज 20 मिलीग्रॅम झिंक, असे 14 दिवस देतात. त्याची पट्टी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठेवता येते.

याशिवाय खाज आणि पित्त उठण्यावर सेटिरिझिन, घामोळ्यांवर व किड्यांच्या चाव्यावर कॅलामाइन, आणि एक डिजिटल तापमापक, इतकेच. पाऱ्याचा तापमापक फुटतो, म्हणून तो नको. घरातल्या माणसांची रोजची औषधे वेगळ्या पिशवीत, नावासह ठेवावीत. उरलेली अँटिबायोटिक, शेजाऱ्याने दिलेले झोपेचे औषध, नावाची पट्टी कापून गेलेल्या सुट्या गोळ्या आणि मुलांचे जुने खोकल्याचे सिरप या चार गोष्टी पेटीत सापडल्या, तर त्या काढून टाकाव्यात.

पेटीत ज्याचा इलाज नाही

काही प्रसंगी पेटीचे काम फक्त वेळ न दवडण्याचे असते. रात्री वीज आली म्हणून मोटार सुरू करायला शेतात गेलेल्या माणसाला साप चावतो, तेव्हा पट्टी घट्ट आवळणे, जखम चिरणे, रक्त चोखणे आणि मांत्रिकाकडे नेणे या चारही गोष्टी नुकसान करतात. माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये, पैंजण, जोडवी, अंगठी आणि घड्याळ काढावे, चावलेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने सैल बांधून स्थिर ठेवावा, चावल्याची वेळ लिहावी आणि थेट रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच संयुक्त प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची काहीही गरज नसते. ते शिरेतून द्यावे लागते आणि त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ते घरी ठेवण्याचा विषयच नाही. मण्यारच्या दंशाला कित्येकदा सूज किंवा वेदना नसते आणि माणूस झोपेतच गंभीर होतो. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात असे कोणी म्हणाले तर ते हसण्यावारी नेऊ नये.

विंचवाचे दुखणे बर्फाच्या शेकाने सुसह्य होते, पण मुलाला दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे सुरू झाले तर क्षणभरही थांबू नये. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरण्याचे काम महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी उभे केले; ते औषध रक्तदाब उतरवणारे आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायचे असते. कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडले, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी, आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जावे. यासाठी पेटीत साबणाची एक छोटी वडी असावी, जी तयार डब्यात मी कधीही पाहिलेली नाही. फवारणीचे औषध अंगावर सांडले तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे, डोळ्यांत गेले तर 15 ते 20 मिनिटे पाण्याची धार सोडावी. पोटात गेले असेल तर ओकारी काढू नये, मिठाचे पाणी पाजू नये, आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे लेबल रुग्णासोबत न्यावे, कारण डॉक्टरांचा पुढचा निर्णय त्या लेबलावर अवलंबून असतो.

ऊन लागून माणूस बरळू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावे, ओल्या चादरीवर वारा घालावा, 108 ला फोन करावा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

गाडीची पेटी

गाडीत पट्टीचे सामान घरापेक्षा जास्त आणि मोठे हवे, कारण रस्त्यावरच्या जखमा मोठ्या असतात. गॉजची वीस पाकिटे, 15 सेंटिमीटरची तीन रोलर बँडेजे, दोन त्रिकोणी बँडेजे, हातमोज्यांच्या सहा जोड्या, मजबूत कात्री, विजेरी आणि एक जुनी पण धुतलेली सुती चादर घ्यावी. चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नये. ती वितळणारच असे धरून बँडेज गाठ मारून किंवा पिनेने पक्के करण्याचा सराव करावा. सगळे सामान जाड कापडी पिशवीत घालून आसनाखाली किंवा डिकीच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवावे, डॅशबोर्डवर नाही. सोबत 5 लिटर पाणी, चमकणारा त्रिकोण आणि चमकणारे जाकीट असावे. चाळीसगावहून कन्नड घाट, साक्रीकडून कोंडाईबारी किंवा शहाद्याहून तोरणमाळ चढणाऱ्यांनी त्रिकोणाला पट्टीइतकेच महत्त्व द्यावे, कारण वळणावर मदत करायला थांबलेल्या माणसालाच मागून येणारी गाडी उडवते. आधी आपली गाडी सुरक्षित लावावी, त्रिकोण मागे ठेवावा, मग जखमीकडे जावे.

दुचाकीच्या आसनाखाली दोन गॉज, एक रोलर आणि हातमोजे एवढे मावते आणि तेवढे पुरे होते. ट्रॅक्टरला मात्र सगळे विसरतात. शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला एक पिशवी टांगून ठेवली की ट्रॅक्टरचे आणि शेताचे असे दोन्ही काम भागते, फक्त उंदरांपासून वाचवण्यासाठी तिच्यातले सामान बरणीत घालून ठेवावे.

पोलिसांच्या भानगडीच्या भीतीने अजूनही लोक अपघाताजवळून निघून जातात. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 134-अ नुसार सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

देखभाल आणि झाकणाचा कागद

वर्षातून दोनदा पेटी पूर्ण रिकामी करावी. मी त्यासाठी आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि दिवाळी ठरवली आहे: आखाजी उन्हाच्या ऐन तोंडावर येते आणि दिवाळीनंतर भरताचा हंगाम सुरू होतो. मुदत संपलेली औषधे, फाटलेली गॉजची पाकिटे, उघडून महिना झालेले डोळ्यांचे थेंब काढून टाकावेत. मधल्या काळात जे वापरले त्याची चिठ्ठी पेटीतच टाकावी, म्हणजे बाजाराच्या दिवशी ते आठवते.

शेवटचे काम म्हणजे झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवणे. त्यावर 108 ही रुग्णवाहिका, 112 ही आपत्कालीन सेवा आणि राष्ट्रीय महामार्गावरचा 1033 हे क्रमांक लिहावेत. खाली रात्री उघडे असणारे जवळचे ग्रामीण रुग्णालय, घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट, कोणाला कोणते औषध सोसत नाही, आणि आपल्या घराचा व शेताचा पत्ता अनोळखी चालकाला कळेल अशा खुणांनी लिहावा: कोणत्या फाट्यावरून आत, कोणत्या मारुतीच्या देवळापाशी वळायचे, नाल्यावरचा पूल लागतो की नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत मोबाइलची रेंज कुठल्या टेकाडावर येते, तेही लिहावे. हा कागद पेनाने लिहू नये. उन्हाने शाई उडते, पेन्सिलीचे अक्षर राहते.